तिबिलिसीत चालत-खात: गाईडबरोबरची पहिली सकाळ कशी आखावी

जॉर्जिया देशाच्या राजधानीत, तिबिलिसीत, उतरलो त्या संध्याकाळीच आम्ही घोळ घातला. मी आणि आई, दोघीच होतो. हॉटेलशेजारच्या खानावळीत होडीच्या आकाराची, मधोमध अंड्याचा बलक सोडलेली खाचापुरी, म्हणजे चीज भरलेला पाव, दिसली आणि आपल्याकडच्या सवयीने माणशी एक अशा दोन मागवल्या. वाढणाऱ्या मुलीने भुवया उंचावल्या, पण बोलली काही नाही. आईने अर्ध्यात हात टेकले, मी पाऊणपर्यंत कशीबशी पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खाण्याची टूर होती आणि पोटात कालचं चीज तसंच बसलेलं. पहिले दोन थांबे आम्ही नुसते बघत काढले. पैसे भरून.

म्हणून सुरुवात इथूनच करते. जॉर्जियात पैशाआधी पोटाचा हिशेब मांडावा लागतो. तिथलं रस्त्यावरचं खाणं म्हणजे मुख्यतः मैदा, चीज, अक्रोड, राजमा. आपल्या चाट-भजीसारखं चार घासांत संपणारं नाही. एका सकाळी सात-आठ पदार्थ चाखायचे तर दर ठिकाणी दोन घास खाऊन उठता आलं पाहिजे. गाईडबरोबरच्या टूरचा खरा फायदा हाच. एक लोबियानी (राजमा भरलेली पोळी) सहा जणांत वाटली जाते, तुम्हाला चव कळते आणि पुढच्या थांब्याला जागा राहते.

टूर कोणती आणि कधी

टूर पहिल्या पूर्ण दिवशीच घ्या. बरेच जण ती शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात, आणि मग कळतं की चार दिवस ज्या बेकरीसमोरून गेलो तिथेच सगळ्यात चांगली लोबियानी मिळत होती. पहिल्या दिवशी शिकलेलं पुढे रोज उपयोगी पडतं.

शहरात दोन तऱ्हेच्या टूर चालतात. एक बक्षिशीवरच्या. यांत बहुधा जुन्या शहरातल्या एखाद्या चौकात जमायचं, दोन-तीन तास फिरायचं आणि शेवटी मनाला येईल ते गाईडच्या हातावर ठेवायचं. इतिहास ऐकायला या उत्तम, पण खाणं त्यात ओघाने येतं आणि त्याचे पैसे आपणच देतो. दुसऱ्या खास खाण्याच्या, आधी पैसे भरून ठरवायच्या. त्यांत चाखण्याचं सगळं धरलेलं असतं. खाण्यासाठीच जात असाल तर दुसरीच घ्या, आणि नोंदवण्याआधी चार गोष्टी विचारा. गटात किती माणसं? आठाच्या वर असतील तर बाजाराच्या बोळांत मागच्याला पुढचं काहीच ऐकू येत नाही. बाजार टूरमध्ये आहे का? नसेल तर मी दुसरी शोधेन. मांस न खाणाऱ्याला पर्याय देणार की नुसतं 'हे तुम्ही सोडा' म्हणणार? आणि टूर सुरू किती वाजता होते? बाजार सकाळचा. संध्याकाळच्या टूरमध्ये दारू जास्त नि बाजार कमी असतो.

ऋतूही बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी असते, तिला 'र्थवेली' म्हणतात. तेव्हा ताजी चुर्चखेला (द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ) मिळते, हवाही चालायला बरी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दगडी गल्ल्या तापतात. वसंतात गेलात तर हिरवे आंबट प्लम मिठाबरोबर खाताना पोरं दिसतील. शाळेबाहेरच्या कैरीची आठवण येतेच.

आदल्या रात्री करायच्या गोष्टी

जेवण हलकं. वर सांगितलंच.

सुटे पैसे काढून ठेवा. लारी हे तिथलं चलन, एक लारी साधारण तीसेक रुपये. दुकानांत कार्ड चालतं, पण बाजारातली आजी पन्नासची नोट बघून तोंड वाकडं करते. पाच आणि दहाच्या नोटा जवळ हव्यात. पायात चपटे, पकड असलेले बूट हवेत, कारण जुन्या शहरात गुळगुळीत दगड आणि चढ दोन्ही आहेत. एक कापडी पिशवी घ्या. रिकामी पाण्याची बाटली घ्या, रस्त्यात पिण्याच्या पाण्याच्या तोट्या असतात.

आता मराठी माणसाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: शब्द. जॉर्जियन लिपी पूर्ण वेगळी आहे, 33 अक्षरं, वेलीच्या ताणांसारखी वळणदार, आणि गल्लीतल्या बेकरीच्या खिडकीवरची पाटी बहुधा तेवढ्याच लिपीत. त्यामुळे ओळखीपेक्षा विचारणं बरं. 'खोर्त्सी' म्हणजे मांस, 'खोर्त्सिस गारेशे' म्हणजे मांसाशिवाय. 'घोरी' म्हणजे डुक्कर, 'साकोन्लिस खोर्त्सी' म्हणजे गाईगुरांचं मांस, 'काटामी' कोंबडी. 'क्वेर्त्सखी' म्हणजे अंडं. 'गामारजोबा' नमस्कारासाठी, 'माद्लोबा' आभारासाठी. 'की' म्हणजे हो, 'आरा' म्हणजे नाही. यातल्या 'की'ने आईचा पहिला दिवसभर गोंधळ उडाला. समोरचा हो म्हणायचा आणि हिला वाटायचं तो प्रश्न विचारतोय.

आणखी एक शब्द सोन्याचा आहे, 'सामार्खवो'. उपासाचं. तिथल्या ऑर्थोडॉक्स पंथात ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात आणि एरवी बुधवार-शुक्रवारी भाविक लोक मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्यामुळे पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थांची मोठी परंपरा आधीपासून आहे. 'मी शाकाहारी' हे समजावत बसण्यापेक्षा 'सामार्खवो?' एवढं विचारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. मासा मात्र काही उपासांना चालतो, तेवढं लक्षात ठेवा. आणि चीजबद्दल कडक असणाऱ्यांसाठी सांगते, पारंपरिक चीज विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलं जातं. जैन मंडळींनी चीजऐवजी राजमा, अक्रोड, वांगी यांच्या वाटेने जावं.

सकाळी दहा: डेझर्टर बाजार

चांगली टूर बहुधा इथून सुरू होते. मध्यवर्ती रेल्वे स्टेशनाशेजारी, मेट्रोने सादगुरिस मोएदानी या स्थानकावर उतरायचं. नाव ऐकून वाळवंट आठवेल, पण हे 'पळपुट्यांचं' मार्केट. पहिल्या महायुद्धानंतरच्या धामधुमीत सैन्यातून पळालेले शिपाई इथे आपल्या बंदुका नि सामान विकायचे, त्यावरून हे नाव पडलं. आता बंदुकांच्या जागी चीजच्या भिंती आहेत.

चीजच्या भागात गाईड आधी कोणाकडे थांबतो ते बघा. इमेरुली चीज पांढरं, ओलसर, आपल्या पनीरच्या जवळचं पण खारट. सुलगुनी ताणलेलं, दातांत किंचित कुरकुरणारं. विक्रेत्या बायका सुरीच्या टोकावर तुकडा देतात. नको म्हणू नका, पण चार ठिकाणी घेतलंत तर खाचापुरीआधीच पोट भरेल. पोटाचा हिशेब इथेच पहिल्यांदा चुकतो. एक बाई निवडा, तिच्याकडचे दोन प्रकार चाखा, पुढे चला.

मांसाचा भाग टाळायचा असेल तर गाईडला आधीच सांगा. डुकरांची मुंडकी ओळीने मांडलेली असतात. आईने पदराने नाक झाकलं आणि सरळ लोणच्यांच्या बाजूला निघून गेली. तिथे तिला जोंजोली सापडली. एका झुडपाच्या कळ्या खारवून करतात, दिसायला शेवग्याच्या फुलांसारखी, चवीला आंबटखारी. वर कांदा नि तेल. या टूरमधला तिचा सगळ्यात आवडता पदार्थ हाच ठरला, खाचापुरी नव्हे.

मसाल्यांच्या टेबलापाशी मात्र वेळ काढा, इथे आपण घरचे असतो. पिवळी पूड दिसली की हळद समजू नका. ती झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड. तिला 'इमेरेतीचं केशर' म्हणतात आणि अक्रोडाच्या रश्शात घालतात. आपण दसऱ्याला दाराला बांधतो ते फूल हे लोक जेवणात घालतात, हे आईला काही केल्या पटेना. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली, मग पटलं. दुसरी 'उत्सखो सुनेली', म्हणजे निळी मेथी. आपल्या मेथीची चुलत बहीण, पण कडवटपणा जवळजवळ नाही, वास मात्र ओळखीचा. तिसरं स्वानेतीचं मीठ: लसूण, मिरची, धणे, मेथी, झेंडू वगैरे घातलेलं डोंगराळ भागातलं मीठ. घरी न्यायला याच्याइतकी सोपी आणि टिकाऊ वस्तू नाही. शंभर-शंभर ग्रॅम घ्या, मोठ्या पिशव्या नकोत, वास उडतो.

आणि चुर्चखेला. दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या रसात पीठ शिजवून केलेल्या दाट लगद्यात पुन्हापुन्हा बुडवून वाळवलेले. लांबून मेणबत्त्यांसारख्या दिसतात. निवडताना हातात धरून अलगद वाकवा. किंचित वाकली तर चांगली, काठीसारखी ताठ असेल तर जुनी. वरची पांढरी बुकी बहुतेकदा उतरलेली साखर असते, बुरशी नव्हे. रंग तपकिरी, काळपट किंवा मधासारखा असावा. पोपटी आणि भडक लाल पर्यटकांसाठी. गाड्यांच्या धुरात उघड्यावर टांगलेली घेऊ नका, बाजारात आतली घ्या. पूर्वेकडच्या काखेतीत अक्रोड घालतात, पश्चिमेकडे हेझलनटही. खाताना आधी दोरा खालून ओढून काढायचा, मग सुरीने चकत्या करायच्या. मी दोऱ्यासकट चावले.

शेजारीच पापडासारखे गुंडाळलेले, पारदर्शक लालसर पत्रे दिसतील, ते 'त्कलापी'. प्लमचा गर पसरून वाळवलेली आंबापोळीच, पण सणसणीत आंबट. तिथे ती रश्शात आंबटपणासाठी घालतात, आपण चिंच घालतो तशी. मी एक पत्रा आणला आणि आमटीत वापरला. चालतो.

भट्टीपाशी

बाजारातून मेट्रोने तीन स्थानकं पुढे, थाविसुप्लेबिस मोएदानी म्हणजे स्वातंत्र्य चौक. इथून जुनं शहर सुरू होतं आणि उरलेली टूर पायी. मेट्रो 1966 पासून चालू आहे. सरकता जिना इतका खोल आणि वेगाने जातो की पहिल्यांदा कठडा धरावाच लागतो.

जुन्या शहरात नाक वापरा. भाजल्या पिठाचा वास आला की पायाशी बघा, कारण बऱ्याच भट्ट्या तळघरात आहेत. या भट्टीला 'तोने' म्हणतात. मातीची, गोल, आपल्या तंदूरची सख्खी नातेवाईक. आम्ही गेलो तिथे पायऱ्या उतरून आत पिठाने पांढरा झालेला एक माणूस होता. लांब फळीवर कणकेची लांबोडकी पट्टी ताणून घेतली, एक पाय जमिनीवरून सुटला, कंबरेपर्यंत भट्टीत वाकला, पट्टी भिंतीला चिकटवून वर आला. हे सगळं श्वास घ्यायच्या आत. तो वाकला तेव्हा आईने नकळत माझा दंड धरला होता. पाव भाजला की आकड्याने सोडवून बाहेर. हा 'शोतिस पुरी', दोन्ही टोकांना निमुळता, तलवारीसारखा. 'पुरी' म्हणजे जॉर्जियनमध्ये पाव. 'खाचापुरी'तली पुरीही तीच, 'खाचो' म्हणजे दूध फाडून केलेला चोथा, छाना म्हणा.

गरम असताना टोक मोडून खा, तेच सगळ्यात खुसखुशीत. पण अख्खा पाव संपवू नका. अजून निम्मी टूर बाकी आहे.

वाटेत रेझो गाब्रियादझे यांच्या कठपुतळी नाट्यगृहाचा वाकडा मनोरा लागतो. दर तासाला वरचं दार उघडून एक देवदूत घंटा वाजवतो. त्याला लागून अंचिसखाती, सहाव्या शतकातलं चर्च. पुढे सिओनी कॅथेड्रल. आम्ही भारतातून आलो कळल्यावर गाईड सिओनीपाशी थांबली आणि म्हणाली, "मग तुम्हाला केतेवान माहीत असेल." मला माहीत होती, हे माझं नशीब. काखेतीची ही राणी, धर्म सोडला नाही म्हणून 1624 साली इराणातल्या शिराझमध्ये छळ करून मारली. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गोव्याला नेले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठात ते सापडले आणि 2021 मध्ये भारताने त्यांतला एक भाग जॉर्जियाला दिला. तिथे संत म्हणून पुजतात तिला. जॉर्जियन लोकांना गोवा समुद्रकिनाऱ्यांच्या आधी या राणीमुळे ठाऊक असतो. हे आधी वाचून जा, गप्पांना दार उघडतं.

खिडकीतल्या बेकऱ्या

खरं रस्त्यावरचं खाणं हे. भिंतीत एक खिडकी, आत पत्र्याची तबकं, कागदात गुंडाळून हातात देतात. यात तीन गोष्टी ओळखता आल्या की भागलं.

चौकोनी, पदर सुटलेली, हातात धरली की चुरा सांडणारी ती 'पेनोवानी'. आपली बेकरीतली खारी चीज भरून केली तर अशी होईल. गरम नसेल तर घेऊ नका. 'त्सखेली?' म्हणजे 'गरम?' एवढं विचारा. वरून अंडं लावलेलं असतं.

'लोबियानी' म्हणजे राजम्याचं तिखटमिठाचं पुरण भरलेली जाड पोळी. पुरणपोळी लाटणाऱ्या बाईला यातलं सगळं कळतं: पुरण किती घट्ट, पारी किती पातळ, कुठे फुटली. काळी मिरी चांगली लागते. पण जपून, राचा प्रांताच्या पद्धतीच्या लोबियानीत डुकराचं मांस असतं. पाटीवर किंवा बोलण्यात 'राचुली' ऐकलं तर विचारून घ्या. तिसरी 'कुबदारी', स्वानेतीची, मांसाचे तुकडे भरलेली, बहुधा गाईचं किंवा डुकराचं. दिसायला लोबियानीसारखीच, म्हणून बोट दाखवून मागवू नका.

बसून खायची खाचापुरी वेगळी. 'इमेरुली' गोल, चीज आत. 'मेग्रुली' आत आणि वरही. 'अजारुली' म्हणजे आमच्या पहिल्या रात्रीची होडी, काळ्या समुद्राकाठच्या अजारा प्रांतातली. तीन माणसांत एक पुरे. आल्या आल्या काट्याने बलक आणि लोण्याचा गोळा चीजमध्ये फेटून टाकायचा, मग होडीचं टोक मोडून बुडवत बुडवत मध्याकडे यायचं. निवली की रबर. तिथे इमेरुलीला इतकं रोजचं मानतात की तिबिलिसीतली एक अर्थशास्त्र संस्था 2008 पासून एक खाचापुरी घरी करायला किती खर्च येतो यावर महागाई मोजते.

खिंकाली: हात धुऊन बसा

टूरमधला बसून खायचा मोठा थांबा बहुधा खिंकालीचा. कणकेच्या पारीत सारण भरून केलेला हा पदार्थ डोंगराकडचा, शहराने उचललेला. पहिल्यांदा ताट आलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, हे तर उकडीचे मोदक." चुन्या अगदी तशाच, वर तसंच नाक. कुशल हाताच्या खिंकालीला किमान 19 चुन्या हव्यात असं म्हणतात. आईने आपल्या ताटातल्या एकीच्या मोजल्या, सतरा भरल्या. ती समाधानाने हसली.

खायची रीत: काटा-सुरी नाही. नाकाला धरून उलटी करायची, बुडाला छोटासा चावा घ्यायचा आणि आधी आतला रस्सा ओढून घ्यायचा. मग बाकीची खायची. चावा मोठा घेतलात तर रस्सा कोपरापर्यंत जातो. वरचं नाक खात नाहीत, ताटात ठेवतात. ते जाड असतं, नीट शिजत नाही आणि शेवटी कोणी किती खाल्ल्या ते त्यावरून मोजतात. आईने पहिलं नाक खाऊन टाकलं. मोदकाचं टाकायचं नसतं ना.

'कालाकुरी' म्हणजे शहरी, त्यात गाई-डुकराचं मिश्रण आणि कोथिंबीर असते. मांस नको तर 'सोकोथी' अळंब्यांची, 'कार्टोपिलिथ' बटाट्याची, 'क्वेलिथ' चीजची. अळंब्यांची घ्या, तिच्यातही थोडा रस्सा सुटतो. बटाट्याची कोरडी. बऱ्याच ठिकाणी एका प्रकारच्या किमान पाच मागवाव्या लागतात, म्हणून एकट्याने गेलात तर अवघड. तेव्हा गटात खाणंच सोयीचं. वरून काळी मिरी भुरभुरवा, सॉस मागू नका, आजूबाजूचे बघतात.

पोटाच्या हिशेबात खिंकालीला निम्मी जागा ठेवा. त्याआधी पान मोकळं करायला गाईड अक्रोडाच्या वाटणातली वांगी ('बादरिजानी') किंवा पालक-बिटाचे गोळे ('प्खाली') मागवेल. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट जे काम करतो ते तिथे अक्रोड करतो, हे कळलं की अर्धं जॉर्जियन स्वयंपाकघर कळतं.

प्यायचं काय

हिरवागार, भयंकर दिसणारा सोडा म्हणजे 'तारखुना', टॅरागॉन नावाच्या पाल्याचा. बडीशेपेच्या जवळची चव. मित्रोफान लागिद्झे नावाच्या औषधं बनवणाऱ्याने 1887 साली कुताइसीत नैसर्गिक सरबतांचा सोडा सुरू केला, त्याच्या नावाचं पाणी अजून मिळतं. नाशपातीचं घ्या, तारखुनाची सवय व्हायला दोन ग्लास लागतात.

वाईन जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात मुरवतात, त्याला 'क्वेव्री' म्हणतात. ही पद्धत 2013 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. टूरमध्ये अंबरी रंगाची चाखायला मिळाली तर सोडू नका. 'चाचा' म्हणजे मात्र काका नव्हे. द्राक्षाच्या चोथ्याची ही दारू बाजाराबाहेर प्लास्टिकच्या बाटल्यांतून विकतात आणि फार कडक असते. सकाळी अकरा वाजता कोणी आग्रहाने दिलीच तर ओठ लावून 'गाउमारजोस' (त्यांचं 'चिअर्स') म्हणा आणि ठेवून द्या. खिंकालीबरोबर बिअर घेतात, पण बिअरने शुभेच्छा द्यायची नाही, ती शत्रूला द्यायची अशी जुनी समजूत आहे.

टूर संपताना

गाईडकडून तीन गोष्टी मागून घ्या. एक, तुम्हाला जे चालतं आणि जे चालत नाही ते त्यांच्या लिपीत कागदावर लिहून. फोनवरच्या भाषांतरापेक्षा ही हाताची चिठ्ठी बाजारात दहापट चालते. दोन, तुमच्या मुक्कामाजवळची एक भट्टी. तीन, ती स्वतः दुपारी कुठे जेवते. बक्षीस द्यायचं तर याच वेळी, हातात, सगळ्यांसमोर नको.

चिठ्ठी आमच्याकडे होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले असताना आई ती न घेताच खाली उतरली. परत आली ती कागदात गुंडाळलेल्या दोन गरम लोबियानी घेऊन. खिडकीतल्या बाईने 'राचुली?' विचारलं होतं म्हणे, आणि हिने 'आरा, आरा, सामार्खवो' म्हटलं. मग त्या बाईने कुठल्या देशाच्या विचारलं. "इंदोएथी," आई म्हणाली. त्यावर बाई "राज कपूर!" म्हणून ओरडली आणि सुटे पैसे परत द्यायचे विसरली. पाच लारी होते. ते मागायला आई संध्याकाळी परत गेली, आणि आणखी दोन लोबियानी घेऊन आली.